बूड उलटून बघा

पहाटे ५

उठल्यावर चुलीकडे जायच्या आधी मी अंगणातल्या पत्र्यावर हात फिरवते. पत्रा ओला लागला तर दव पडलंय, म्हणजे आठ वाजेपर्यंत ब्रश हातात घ्यायचा नाही. ऑक्टोबरात आटपाडीची हवा एका दिवसात तीन रंग दाखवते: पहाटे दव, दुपारी पाठ भाजणारं ऊन आणि माळावरचा सुटा वारा, संध्याकाळी आलाच तर परतीचा पाऊस. या भागाची भिस्त मृगापेक्षा या परतीच्या पावसावरच. रानातली माणसं आभाळाकडे बघून ‘पड’ म्हणतात, तेव्हाच आमच्या अंगणात दिवाळीच्या किल्ल्यावरची प्लास्टरची चित्रं वाळत असतात आणि आम्ही ‘थांब’ म्हणत असतो.

घर कुंभाराचं. बेंदराला मातीचे बैल, मग गणपती, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि चित्रं, संक्रांतीला सुगडी, असं आमचं वर्ष. चाक आणि साचे अण्णांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. रंग माझ्याकडे. आज शुक्रवार. उद्याचा शनिवारचा बाजार दिवाळीआधीचा शेवटचा मोठा. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफेजवळचा मावळा, ढाल-तलवारीचा मावळा, गवळण, वाघ, आणि आमच्या माणदेशात हवाच असा घोंगडीवाला धनगर त्याच्या मेंढरांसकट. एवढं सगळं रात्रीपर्यंत टोपल्यांत बसलं पाहिजे.

आत्ती, म्हणजे सासूबाई, कंदिलाच्या काळापासून एकच तपासणी करतात. चित्र उचलून गालाला लावतात.

“लावू का अस्तर?” मी विचारते.

“थांब गं. गार लागतंय अजून. पोटात पाणी हाय.”

ओलं चित्र गालाला गार लागतं, कारण आतलं पाणी वाफ होऊन निघताना अंगची उष्णता घेऊन जातं. कोरडं चित्र तासभर सावलीत ठेवलं तरी तसं गार लागत नाही. हे पोटातलं पाणी येतं कुठून? प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम. साधारण दीडशे अंशांवर भाजलं की जिप्सम आपल्या अंगचं तीन-चतुर्थांश पाणी टाकून देतं. पाण्यात कालवलं की तेवढंच परत घेतं, गरम होतं आणि दगड बनतं. किलोभर प्लास्टरला घट्ट व्हायला दोनशे ग्रॅमच्या आत पाणी पुरतं. पण तेवढ्यात ते साच्यात ओतता येत नाही, म्हणून सहाशे-सातशे ग्रॅम घालावं लागतं. वरचं सगळं पाणी चित्राच्या पोटात राहतं. अर्ध्या तासात चित्र टणक होतं, पण वाळायला दिवस जातात, आणि नवख्याला यातला फरक कळत नाही. बरं, घाईनं चुलीशेजारी मांडलं तर आच लागून प्लास्टर पुन्हा आपलं पाणी सोडायला लागतं आणि वरचा थर भुसभुशीत होतो. त्यावर रंग कसला धरणार?

गालाला गार लागलेली चित्रं सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर. बाकीची ओसरीवर.

सकाळी ६.३०

रबरी साच्यातून निघालेल्या चित्राच्या दोन्ही कुशींना सांधा उठलेला असतो. तो ब्लेडनं तासायचा, मग पॉलिश पेपरनं घासायचा. बुडबुड्यांची भोकं राहिली असतील तर तिथे लांबी भरायची. हे काम धाकटे भाऊजी करतात, आणि दाढीपेक्षा जास्त मन लावून करतात.

खरी खबरदारी तेलाची. चित्र सुटावं म्हणून साच्याला आतून साबणाचं पाणी लावतात. कुणी घाईत तेलाचा हात फिरवतं. ते तेल चित्राच्या अंगावर येतं, डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला कळतं. म्हणून घासून झालं, की प्रत्येक घाण्यातलं एक चित्र घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर तेल आहे: सगळा घाणा साबणानं धुवा, पुन्हा वाळवा. थेंब पडताक्षणी गडप झाला तर चित्र फार तहानलेलं आहे: पहिला हात पातळ द्या. हळूहळू पसरत जिरला तर हात द्यायला हरकत नाही. या एका थेंबानं आमचं पुढचं निम्मं काम ठरतं.

मग धूळ. पॉलिश पेपरची भुकटी घडीघडीत बसते. धनगराच्या घोंगडीच्या चुण्यांत, मेंढराच्या लोकरीत. कोरड्या ब्रशनं झाडायचं, पिळून काढलेल्या ओल्या फडक्यानं टिपायचं, शेवटी काळ्या कपड्यावर बोट पुसून बघायचं. बोटाचा पांढरा ठसा उठला तर पुन्हा झाडायचं. रंग भुकटीला चिकटतो आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते.

सकाळी ८.३०

दव सुकलं. आता अस्तर.

पाणी बोअरचं वापरत नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी सवळ. हंड्याच्या काठाला पांढरं कडं धरतं. तेच पाणी रंगात किंवा प्लास्टरात गेलं, की पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. ते रंगाखाली स्फटिक धरून फुलतात आणि रंग आतून उचलतात. भिंतीला लोणा लागतो त्यातला हा प्रकार. म्हणून अस्तराला फिल्टरचं पाणी, नाहीतर पत्र्यावरून धरून ठेवलेलं पावसाचं.

आत्तींच्या सासूच्या काळी अस्तर म्हणजे खडूची वस्त्रगाळ भुकटी आणि बाभळीचा डिंक. बाभळीला इथे तोटा नाही. डिंक रात्री भिजत घालायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात खडू कालवायचा. सावंतवाडीचे गंजिफाकार पत्त्याला चिंचोक्याची खळ देतात. आंध्रात कोंडापल्लीच्या लाकडी बाहुल्यांचे सांधे चिंचोक्याच्याच लगद्यानं बुजवतात आणि रंगाआधी पांढरा हात देतात. जिन्नस गावोगाव वेगळे, पण प्रत्येकाला दोनच कामं साधायची असतात: खालच्याची तहान भागवायची आणि वरच्या रंगाला धरायला खरखर द्यायची.

आता आम्ही पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर वापरतो. डिंकाचं अस्तर ओल लागली की विरघळतं, आणि किल्ला म्हणजे ओलच. पण आत्तींचा जुना नियम नव्या डब्यालाही लागू पडतो: खालचा हात घट्ट, वरचा सैल. डिंक-सरसाच्या कामात खालच्या थरात चिकट जास्त, वर जाताना कमी. उलटं केलं तर वरचा थर वाळताना आकसतो आणि खालच्या कमजोर थराला ओढून घेऊन सुटतो. साध्या डिस्टेंपरवर चकचकीत ऑइल पेंट मारलेली चित्रं चार दिवसांत पोपडे टाकतात ती याचमुळे. ऑइल पेंटच्या ताकदीत खोट नसते. त्याच्याखाली उभं राहायला कुणी नसतं.

पहिला हात बराच पातळ करून. प्लास्टर तो गटागटा पितं आणि वरची भुसभुशीत साय बांधली जाते. दुसरा हात थोडा दाट. पहिला उभा दिला असेल तर दुसरा आडवा. दोन्ही पातळच. जाड एक हात दिला की वेळ वाचतो खरा, पण मिशा, बोटं, तलवारीची मूठ, सगळं बुजून जातं आणि मावळ्याचा चेहरा सूज आल्यासारखा दिसतो. बुडाला मात्र अस्तर लावायचं नाही. ते उघडं राहू द्यायचं. का, ते संध्याकाळी.

सकाळी १०

गल्लीतले एक दादा परगावच्या जत्रेतून घेतलेला मावळा घेऊन आले. “वहिनी, गेल्या साली घेतला. बघा की, सगळं पोपडं निघालं. रंगच हलका वापरत्यात आजकाल.”

मी मावळा बाजूला ठेवला आणि नखानं एक पोपडा काढला. पोपडा उलटा करून बघितल्याशिवाय रंगाला दोष देऊ नये. उलट्या बाजूला प्लास्टरची पांढरी भुकटी चिकटून आली असेल, तर रंगानं आपलं काम केलंय; खालचं प्लास्टरच कच्चं होतं, त्याला पहिला पातळ हात मिळालेला नाही. उलटी बाजू गुळगुळीत, स्वच्छ असेल, तर दोघांची गाठच पडलेली नाही: मध्ये तेल होतं किंवा खालचा थर फार चकचकीत होता. मागे बारीक खारट पूड दिसली तर पाणी.

या पोपड्याच्या मागे पूड होती. मावळा उलटा केला. बूड कोरं प्लास्टर, त्यावर मातीचा तपकिरी डाग घोट्यापर्यंत चढलेला. पोपडेसुद्धा पायापासून कमरेपर्यंतच. फेटा आणि चेहरा ठणठणीत.

“किल्ल्यावर अळीव पेरले होते?”

“मग? रोज पाणी मारत होती पोरं.”

ओल्या मातीत उभा केलेला मावळा पायातून पाणी पितो. वर रंगाचं कातडं असल्यानं ते बाहेर पडायला वाट शोधतं, आणि न मिळाली तर रंग ढकलून बाहेर पडतं. शिवाय जिप्सम थोडं का होईना पाण्यात विरघळतं, लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम. म्हणजे पाय आतून मऊ आणि बाहेरून फुगलेले. दादांना नवा मावळा दिला आणि जुना ठेवून घेतला. पोरांना दाखवायला बरा.

सकाळी ११

रंगाची ओळ लागते. आत्ती अंगाचा रंग देतात, मी अंगरखे, थोरली जाऊ फेटे आणि शेले, शाळेला सुट्टी लागली असेल तर मुली मेंढरं. आधी मोठ्या जागा, मग लहान. आधी फिके, मग गडद. एक रंग हाताला लागायचा थांबल्याशिवाय शेजारचा द्यायचा नाही.

रंगात पाणी किती घालायचं यावरून आमच्यात रोज वाद होतो. फार पाणी घातलं की रंगातला चिकट विरळ होतो आणि वाळल्यावर रंग खडूसारखा बोटाला लागतो. चिकट जास्त झाला तर रंग चकाकतो, ताणतो आणि घडीघडीत तडकतो. मुलींनी मेंढरांसाठी पातळ केलेला पांढरा मी गुपचूप बाजूला घेऊन पहिल्या हाताला वापरते. वाया काही जात नाही.

भगव्याची गोष्ट वेगळी. बाजारातला झगझगीत भगवा उन्हात लवकर उडतो, आणि किल्ला तर दिवसभर अंगणात. म्हणून झेंड्याला आणि फेट्याला खाली साधा पिवळा देऊन वर भगवा. उडाला तरी खाली पिवळा उरतो, मावळ्याचं डोकं पांढरं पडत नाही.

दुपारी १.३०

वारा सुटला. रंगकाम बंद, चित्रांवर जुनी मच्छरदाणी. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा.

जेवताना धाकटीनं विचारलं, “जगातली सगळ्यात मोठी चित्रांची फौज कुणाची?” चीनच्या सम्राटाची. १९७४ मध्ये शीआन शहराजवळ शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा जमिनीखाली मातीचे सैनिक सापडले. हजारो, माणसाएवढे, बावीसशे वर्षांपूर्वीचे. विहीर खणताना म्हटल्यावर अण्णांनी मान वर केली. पाण्यासाठी खणणं म्हणजे काय, ते माणदेशी माणसाला सांगावं लागत नाही.

ते सैनिक आज राखाडी दिसतात, पण ते रंगवलेले होते. खाली झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचं अस्तर, वर रंग. बावीसशे वर्षं ओल्या मातीत ते अस्तर तसंच टिकलं. बाहेर काढून हवा लागली, की ओल उडायची, अस्तर आकसायचं, वळायचं आणि काही मिनिटांत रंगासकट गळून पडायचं. पुढे संशोधकांनी उघडल्या उघडल्या त्यावर औषध मुरवून ते धरून ठेवायची रीत शोधली.

“म्हंजे रंग चांगलाच हुता,” अण्णा म्हणाले. “अस्तर हाललं.”

एवढं एक वाक्य मला पुस्तकभर वाटतं. ओल येणं जितकं वाईट, तितकंच ओलीला सरावलेल्या थराची ओल एकदम जाणंही वाईट. म्हणून तर आम्ही चित्रं उन्हात मांडत नाही.

दुपारी ३

आखणी. डोळे, भुवया, मिशा, महाराजांचं गंध. हे माझं एकटीचं काम, आणि या वेळेला घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. शून्य नंबरचा ब्रश, करंगळी चित्राच्या छातीवर टेकवलेली, श्वास रोखून एक रेघ. आधी वरची पापणी, मग बुबुळ, मग पांढरा ठिपका. ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडला नाही तर मावळा तिरळा.

पुण्यातला भाचा खेळातले सैनिक रंगवतो, बोटाच्या पेराएवढे, अठ्ठावीस मिलिमीटरच्या मापाचे. प्लास्टिकचे, रेझिनचे. विलायती छंद, पण फोनवर बोलायला लागलो की आमचं दोघांचं एकच चालतं. रेझिनवर साच्याचं तेल असतं, म्हणून तो साबणाच्या कोमट पाण्यानं जुन्या टूथब्रशनं घासतो. मग डब्यातला प्रायमर फवारतो. फरक एवढाच, की त्याचे सैनिक पाणी पीत नाहीत. त्याचं सगळं लक्ष हाताळणीवर: खेळताना बोटं लागून तलवारीच्या टोकाचा, टोपीच्या काठाचा रंग उडतो, म्हणून तिथे वॉर्निशचा एक हात जादा. हे मी त्याच्याकडून उचललं. भाल्याचं टोक, फेट्याचा तुरा, मेंढराचे कान. पोरांची चिमूट जिथे पडते तिथे आता मीही दोनदा हात देते.

सायंकाळी ४.४५

वॉर्निशला दिवसातला एवढाच वेळ. दुपारी फवारलं तर गरम वाऱ्यात थेंब चित्रापर्यंत पोचायच्या आधीच सुकतात आणि अंगावर दाणेदार खरखर बसते. उशीर झाला, हवा दमट झाली, तर वॉर्निशमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि काळ्या मिशा दुधाळ होतात. चूल विझवलेली, खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क. हातभर अंतरावरून, हात हलता ठेवून, फवारा चित्राच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. दोन पातळ हात. महाराजांना चकाकी, मावळ्यांना मॅट. लढणारा माणूस चकाकू नये, असं थोरल्या जाऊबाईंचं मत आहे आणि ते मला पटतं.

गणपतीला मात्र आम्ही वॉर्निश लावत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये विसर्जनाच्या मूर्तींसाठी सुधारित सूचना काढल्या, पण मातीची मूर्ती करणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक होतं: जी पाण्यात विरघळायची, तिच्या अंगावर पाणी अडवणारं कातडं कशाला? बेंदराच्या बैलांनाही नुसती काव आणि चुना. बेंदराचा बैल आणि गणपती पाण्याला द्यायचे असतात. किल्ल्यावरचा मावळा पुढच्या दिवाळीला पुन्हा खोक्यातून निघायचा असतो. काय विरघळायचं आणि काय टिकायचं, हे ठरवूनच डबा उघडायचा.

सायंकाळी ६.३०

आता बूड. आज वॉर्निश केलेल्या चित्रांचं नाही, परवा केलेल्यांचं.

चित्राला चहूकडून वॉर्निश झालं, की आत उरलंसुरलं पाणी निघायला एकच दार राहतं, ते खालचं. ते दार लगेच बंद केलं आणि आत थेंबभर ओल राहिली, तर उन्हात तापल्यावर ती वाफ होऊन रंगावर फोड आणते. म्हणून बूड दोन दिवस उघडं ठेवायचं, चित्र पट्ट्यांवर आडवं निजवायचं, आत्तींनी पुन्हा गालाला लावायचं. त्या ‘हं’ म्हणाल्या, की बुडाला प्रायमरचे दोन हात, वर वॉर्निशचे दोन, आणि कडेनं बोटभर वर चढवून, म्हणजे सांधा उघडा राहत नाही.

हे काम रंगाऱ्याला कंटाळवाणं आणि गिऱ्हाइकाला अदृश्य. म्हणूनच ते सगळ्यात आधी गाळलं जातं. वर सगळं छान झाकून खालून दार उघडं ठेवलेलं चित्र, अजिबात वॉर्निश नसलेल्यापेक्षा वाईट: पाणी आत येतं आणि बाहेर पडायला मोकळी वाट नसते. आटपाडीत पाण्यासाठी काय काय झालं! नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा झाल्या, टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून इथवर आणलं गेलं. आणि त्याच गावात आमचा दिवस जातो तो पाण्याला आधी पूर्ण बाहेर काढण्यात आणि मग आत येऊ न देण्यात.

रात्री ८.३०

बांधायच्या आधी तपासणी. प्रत्येक टोपलीतलं एक चित्र काढून पाठीवर चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीवर रंग आला तर टोपली थांबली. मग ओल्या फडक्यानं अंगरखा चोळायचा. आज पट्टी कोरी निघाली.

वर्तमानपत्रात गुंडाळत नाही. वॉर्निश वरून कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला दिवस घेतं, आणि दाबाखाली छापील शाई उचलून घेतं. महाराजांच्या पाठीवर जाहिरात उमटलेली बरी दिसत नाही. कोरा कागद, मध्ये वाळलं गवत, वजनाचे खाली, गवळणी वर. अण्णा वहीत टोपल्या लिहितात. पहाटे चारला टेम्पो.

सोबत पोरांना सांगायला एक गोष्ट मी मुलींकडून पाठ करून घेतली आहे. अळिवाला पाणी मारताना चित्रं उचलून ठेवायची, आणि उभी करताना प्रत्येकाच्या खाली एक खापरी घालायची. किल्ला ओला राहू दे, मावळ्याचे पाय कोरडे हवेत.

उद्या बाजारात सगळे चेहरा बघतील, मिशी बघतील, “केवढ्याला?” विचारतील आणि निम्म्यावर मागतील. मी भाव सोडणार नाही. पण अधूनमधून एखादं पोर किंवा एखादी आजी चित्र हातात घेते, उलटं करते आणि बुडावरून अंगठा फिरवते. त्याला न मागता पाच रुपये कमी.